कट्टा भरलेला, पण मनातले सांगायला कोणी नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एकाकीपणावर वर्तमानपत्रांत हल्ली बरेच लिहून येते आणि शेवटचा सल्ला ठरलेला असतो : माणसांत मिसळा, छंद लावून घ्या, हास्यक्लबात जा. समुपदेशन, घरभेटी आणि ज्येष्ठांसाठीचे उपक्रम अशा कामांत असलेल्या आम्हा काही जणांना हा सल्ला अर्धाच वाटतो. कोल्हापुरात तर तो बऱ्याचदा लागूच पडत नाही, कारण इथला माणूस माणसांतच असतो. सकाळी रंकाळ्यावर फेरी, मग चहाच्या गाडीवर दहा मिनिटे, संध्याकाळी तालमीच्या दारात नाहीतर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर. बायकांची भिशी, हळदीकुंकू, भजनी मंडळ वेगळेच. "आमच्याकडं कोण एकटं असतंय?" असा प्रश्न इथे खरोखरच्या आश्चर्याने विचारला जातो. तरीही यांतलेच कित्येक जण रात्री दीड वाजता मोबाइल चाळत जागे असतात आणि फोनमधल्या चारशे नावांत मनातले सांगावे असे एकही नाव त्यांना सापडत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्येच या दुखण्याचे दोन प्रकार सांगितले होते. एकात माणसाला गोतावळ्याची उणीव असते. दुसऱ्यात, ज्याच्यापाशी मन उघडे करता येईल अशा एखाद्याच जवळच्या माणसाची. आणि एकीची भरपाई दुसरीने होत नाही, हा त्यांचा महत्त्वाचा मुद्दा. बदलीवर आलेल्या जोडप्याचे एकमेकांशी छान जमत असेल, पण गावात ओळखीचे कोणी नसेल, तर त्यांना शेजार हवा असतो, मंडळ हवे असते. उलट, बायको गेलेल्या सत्तरीच्या गृहस्थांना रोज वीस जणांच्या घोळक्यात नेऊन बसवले तरी तिच्याशी जे बोलणे व्हायचे ते तिथे होत नाही. पहिल्याला कट्ट्याने बरे वाटते. दुसऱ्याला कट्ट्यावर पाठवले तर तो कधीकधी आणखी खचतो, कारण "इतक्या लोकांतही बरे वाटत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे" असा अर्थ तो काढतो.

कोणती उणीव आहे हे ओळखता येते. पहिल्या प्रकारात वेळ जात नाही, रविवार अंगावर येतो, सणाला कुठे जावे हा प्रश्न पडतो. दुसऱ्या प्रकारात कार्यक्रम चालू असेपर्यंत सगळे ठीक असते आणि घरचे कुलूप उघडताना एकदम रिते वाटते. दुसऱ्या प्रकाराची आणखी एक कसोटी आम्हाला जास्त खरी वाटते : चांगली बातमी मिळाल्यावर पहिला फोन कुणाला करावा हे न सुचणे. दुःखात आपल्याकडे चार माणसे येतातच, तशी रीतच आहे. आनंदाला मात्र रीत पुरत नाही, त्याला माणूस लागतो.

मोजमापाचीही सोय आहे. २००४ मध्ये तीनच प्रश्नांची एक छोटी चाचणी तयार झाली. जगभर ती वापरतात. सोबतीची कमतरता किती वेळा जाणवते, आपल्याला बाजूला ठेवले आहे असे किती वेळा वाटते आणि सगळ्यांपासून तुटल्यासारखे किती वेळा वाटते. "क्वचितच" याला एक गुण, "कधीकधी"ला दोन, "बऱ्याचदा"ला तीन. बेरीज तीन ते नऊच्या मध्ये येते आणि सहा किंवा जास्त आली तर लक्ष द्यावे, असा साधारण संकेत आहे. या चाचणीतली खुबी अशी की तिच्यात "तुम्हाला एकाकी वाटते का" असा सरळ प्रश्नच नाही. तसा तो विचारला की पुरुष तर हमखास नाही म्हणतात. "काय आण्णा, बरं हाय न्हवं?" याचे उत्तर "बरं हाय की" एवढेच येणार, तो प्रश्न विचारपूस म्हणून नाही तर नमस्कार म्हणून टाकलेला असतो हे दोघांनाही ठाऊक असते. त्याऐवजी "शेवटचं निवांत कुणाशी बोलला होता?" असे विचारून गप्प राहावे. उत्तर द्यायला लागणारा वेळच बरेच काही सांगून जातो.

हे लोक कोण, यावर फार लिहीत नाही. मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशात असलेले आईवडील सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. वसतिगृहातली मुले, कामावरून निवृत्त झालेला आणि पाळीची सवय मोडलेला कामगार, हेही ओळखीचे. डोळ्यांआड राहतात ते भरल्या घरातले. एकत्र कुटुंबात नव्याने आलेली सून दिवसभर आठ माणसांत असते, पण माहेरच्या फोनवरही तिला स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बोलावे लागते, म्हणजे ती बोलतच नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे किंवा विसराळूपणाचा आजार झालेल्या नवऱ्याचे सगळे करणारी बाई घराबाहेर पडत नाही आणि घरात असलेला माणूस तिच्याशी बोलू शकत नाही. तिला कार्यक्रमाचे निमंत्रण देऊन उपयोग शून्य. तिला आठवड्यातून दोन तास कुणीतरी रुग्णाजवळ बसायला हवे, म्हणजे ती उठून मैत्रिणीकडे जाईल. मदत करू पाहणाऱ्यांनी डबा द्यायच्या आधी हे दोन तास द्यावेत.

आता हे दुखणे आपले आपण का वाढते ते पाहू. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी एकाकीपणाची तुलना भुकेशी केली : शरीराने दिलेली ती सूचना आहे, माणसे शोध म्हणून. अडचण अशी की ही भूक लांबली की माणूस सावध होतो, लोकांच्या चेहऱ्यावर नकार शोधू लागतो. मित्राने फोन उचलला नाही, तर "तो गाडीवर असेल" हे सुचण्याआधी "तो टाळतोय" हे सुचते. मग आपणही दोन दिवस फोन करत नाही. मित्राला वाटते हाच आखडला. अशा रीतीने दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. कॅसिओपो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकाकीपणावरच्या उपायांची तुलना केली. बोलण्याची कौशल्ये शिकवणे, आधार देणे, गाठीभेटी वाढवणे आणि हे असे चुकीचे अर्थ काढण्याची सवय सुधारणे, या चारांत शेवटच्या उपायाचा परिणाम सर्वांत जास्त दिसला. गाठीभेटी वाढवणारे कार्यक्रम आपल्याकडे मुबलक आहेत. अर्थ सुधारण्याचे काम जवळपास कुणीच करत नाही.

ते करायला शाळेची दोनशे पानी वही पुरते. पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात काय घडले तेवढेच, विशेषणे न लावता : "मंगळवारी फोन केला, उचलला नाही." दुसऱ्यात आपण काय अर्थ काढला. तिसऱ्यात आणखी कोणते दोन अर्थ संभवतात. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामाच राहतो, त्यासाठी दुसरे कोणी जवळ बसलेले बरे. रोज एकच प्रसंग लिहावा. पाच-सहा लिहायला गेले की वही गाऱ्हाण्यांची होते आणि आठवड्यात बंद पडते. तीन आठवड्यांनी मागची पाने वाचावीत. पहिल्यांदा भेटलेल्या दोन माणसांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही इथे कामाचा आहे : बोलणे संपल्यावर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज लोक प्रत्यक्षापेक्षा कमीच बांधतात. म्हणजे "मी काहीतरीच बोललो" ही घरी गेल्यावरची चुटपुट बहुधा एकट्या आपल्यापुरतीच असते.

पुढचा प्रश्न वेळेचा. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला : नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, मित्र म्हणावे इतके व्हायला ९०च्या आसपास आणि जिवाभावाचा म्हणावे इतके व्हायला २०० तासांहून जास्त. आकडे अमेरिकेतले आहेत, इथे थोडे इकडेतिकडे होतील. पण एका स्नेहमेळाव्यात किंवा एका सहलीत हे होणार नाही, एवढे त्यावरून नक्की कळते. शिवाय नुसते एकाच छताखाली काम केल्याचे तास त्यांच्या पाहणीत फारसे उपयोगी दिसले नाहीत. एमआयडीसीत शेजारशेजारच्या मशिनवर वीस वर्षे काढलेले दोघे निवृत्तीनंतर एकमेकांना अनोळखी वाटतात, याचे कारण हेच असावे. आपणहून एकमेकांसाठी काढलेला वेळच मोजला जातो.

आणि त्या वेळात काय बोलायचे? मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन यांनी १९९७ मध्ये अनोळखी लोकांच्या जोड्यांना ३६ प्रश्न तीन टप्प्यांत देऊन सुमारे पाऊण तास बोलायला बसवले. प्रश्न पहिल्या टप्प्यात हलके, नंतर जरा खोल, शेवटी अगदी आतले. आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोघांनीही द्यायचे. इकडचे तिकडचे बोलणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांविषयी जास्त जवळीक वाटली. प्रश्न तसेच्या तसे उचलायची गरज नाही, दोन गोष्टी मात्र सोडू नयेत : चढ हळूहळू असावा आणि पाळी आलटूनपालटून यावी. आपल्याकडे सुरुवात गावाने, शाळेने, लहानपणी सुट्टीत कुठे जायचा याने करावी. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत घरात कुणाचा धाक होता, पहिला पगार कशावर खर्च झाला. महिनाभराने, आता कशाची भीती वाटते, कुणाची माफी मागायची राहून गेली. हे उलटे झाले की गडबड होते. पहिल्याच भेटीत सगळे सांगून मोकळा झालेला माणूस दुसऱ्या भेटीला येत नाही, त्याला लाज वाटते. आणि एकानेच सांगायचे, दुसऱ्याने नुसतेच ऐकायचे, असे चालले की दोन-तीन भेटींत सांगणाऱ्याला आपण रुग्ण असल्यासारखे वाटू लागते.

ऐकण्याविषयी मात्र जरा सविस्तर लिहायलाच हवे, कारण घोडे इथेच अडते. कोल्हापुरी बोलण्यात दोन गोष्टी जिभेवर तयार असतात, खेचणे आणि सल्ला. खेचण्यात माया असते हे मान्य. पण नुकताच धीर करून काही बोलू लागलेल्या माणसाची टर उडाली की तो पुढचे सहा महिने गप्प बसतो. सल्ल्याचेही तेच. समजा एखादी म्हणाली, "दुपारी सगळी गेली की मी एकटीच बसतो, घर खायला उठतंय." त्यावर "टीव्ही लाव की", "माझं बघ, मला तर बसायलाच मिळत न्हाई", "देवाचं नाव घे", या तिन्ही उत्तरांनी बोलणे तिथेच संपते. पहिल्याने तिचा प्रश्न फालतू ठरतो, दुसऱ्याने पाळी आपल्याकडे ओढली जाते आणि तिसऱ्याने तिला गप्प केले जाते. "दुपारीच जास्त होतंय व्हय? कधीपासनं?" एवढे विचारावे आणि पाच-सहा सेकंद काही बोलू नये. हे पाच-सहा सेकंद शिकायला फार जड जातात. नवीन स्वयंसेवकांना आम्ही मनात दहापर्यंत मोजायला सांगतो. बहुतेक जण चारलाच तोंड उघडतात. सल्ला द्यावासा वाटलाच तर आधी विचारावे, "काय करावं असं सांगू का, का नुसतं ऐकू?"

चांगल्या बातमीच्या वेळी कसे बोलायचे हेही शिकावे लागते. शेली गेबल यांच्या २००४ च्या संशोधनात असे दिसले की आनंदाची गोष्ट सांगितल्यावर जोडीदार मनापासून रस घेऊन पुढचे विचारतो, तेव्हा नाते जास्त समाधानाचे असते. आपल्याकडे "पोराला नोकरी लागली" म्हटले की पुढचा प्रश्न "पगार किती?" आणि त्याच्या पुढचा "पुण्यात भाडं परवडंल काय?" काळजीपोटीच विचारतात, पण सांगणाऱ्याचा चेहरा उतरतो. "कधी कळलं? घरात काय झालं मग?" असे विचारले तर तो पुन्हा एकदा त्या क्षणात जाऊन येतो आणि आपल्याला बरोबर घेऊन जातो.

बसायचे कसे, यालाही महत्त्व आहे. पुरुष समोरासमोर बसून मनातले बोलत नाहीत. हात किंवा पाय चालू असले की बोलतात. ऑस्ट्रेलियात निवृत्त पुरुषांसाठी सुतारकामाच्या, दुरुस्तीच्या सामायिक शेड काढल्या आहेत त्या याच कारणाने. इथे रंकाळ्याची फेरी त्याच कामाची आहे, अट एवढीच की चौघांऐवजी दोघांनी जावे आणि फोन घरी ठेवावा. तिसरा आला की बोलणे राजकारणावर जाते, चौथा आला की फुटबॉलवर.

ज्येष्ठांच्या बाबतीत आधी कान तपासावेत. कमी ऐकू येणारा माणूस चारचौघांत चुकीचे उत्तर देतो, लोक हसतात, मग तो जाणे सोडतो आणि घरचे म्हणतात "स्वभाव बदलला". कधीकधी नुसता कानातला मळ असतो, तो कानाच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. काडी घालू नये, मळ आणखी आत जातो. श्रवणयंत्र घेतले तर पहिले काही दिवस शांत खोलीत, एका माणसाशी, दिवसातून एक-दोन तास वापरून सवय करावी. पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये लावले की भांड्यांचा आवाज डोक्यात जातो आणि यंत्र कायमचे कपाटात. बोलणाऱ्याने समोर, उजेडात बसावे. ओरडू नये, सावकाश बोलावे.

आता गट कसा चालवावा ते. चार माणसे पुरे. तिघांच्या खाली एक गैरहजर राहिला की बैठक मोडते आणि पाचाच्या वर प्रत्येकाला वेळ मिळत नाही. आठवड्यातून एक ठरलेला वार, ठरलेली वेळ, सव्वा तास. पहिली दहा मिनिटे चहापाण्याची, मग प्रत्येकाला बारा मिनिटे, उरलेला वेळ मोकळा. बारा मिनिटांसाठी मोबाइलवर गजर लावावा, नाहीतर एकच जण पन्नास मिनिटे खातो आणि मोठ्या माणसाला मध्येच थांबवायचे कसे म्हणून बाकीचे सोसतात. गजर वाजला की कुणाचा अपमान होत नाही. जागा घराबाहेरची आणि फुकट हवी : देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली. आपल्या गावात १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर आहे, पेठापेठांत तालमी आहेत, जागेची वाण नाही. वेळ दुपारी तीन ते पाचमधली असावी. घरे त्याच वेळी रिकामी असतात, आणि सगळे कार्यक्रम मात्र संध्याकाळी सहाला ठेवले जातात, जेव्हा बायकांना निघता येत नाही.

पहिल्या बारा आठवड्यांचा शब्द द्यावा, पण तिथे थांबू नये. सव्वा तासाप्रमाणे बारा आठवड्यांत पंधराच तास होतात. हॉल यांचे पन्नास भरायला चाळीस आठवडे लागतील. बहुतेक उपक्रम तीन महिन्यांनी समारोप करतात, म्हणजे माणसे नुकती मोकळी होऊ लागलेली असतानाच. बाराव्या आठवड्यानंतर बैठकीबाहेरच्या गोष्टी सुरू व्हाव्यात : लक्ष्मीपुरीत बाजाराला बरोबर जाणे, डोळ्यांच्या तपासणीला सोबत, जोतिबाला खेटे. दोघांत ते आपोआप होऊ लागले तर गट बंद पडला तरी हरकत नाही.

बिघडते कुठे, तेही सांगतो. खुर्च्या ओळीत मांडल्या की सभा होते, म्हणून गोल बसावे. माइक आणू नये. प्रमुख पाहुणे बोलावू नयेत. (सत्कार, शाल आणि श्रीफळ यांत आपल्या गावाचा निम्मा सार्वजनिक वेळ जातो, असे आमचे प्रांजळ मत आहे.) व्हॉट्सअ‍ॅपचा गट फक्त वेळ कळवण्यापुरता ठेवावा, त्यावर सुविचार सुरू झाले की बैठकीला येण्याची गरजच वाटेनाशी होते. कुणी लागोपाठ दोनदा आला नाही तर तिसऱ्या दिवशी एकाने घरी जावे, फोन करू नये, आणि "का आला नाहीस?" असे न विचारता "तुझी जागा ठेवलीया" एवढेच म्हणावे. उसनवारी, भिशी, विमा, साखळी योजना यांना पहिल्याच दिवशी मनाई करावी, कारण पैशाचा व्यवहार घुसला की एक जण तोंड लपवू लागतो. आणि इथे बोललेले बाहेर जाणार नाही, हे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला म्हणावे. पेठेत सगळे सगळ्यांचे पाहुणे असतात, म्हणून एकाच गल्लीतले चौघे न घेता दोन-तीन पेठांतले घ्यावेत. बातमी एकदा फुटली की तो गट परत उभा राहत नाही. नवा काढावा.

साध्या माणसांना हे जमेल का, ही शंका येते. झिंबाब्वेमध्ये मानसोपचारतज्ज्ञ फारच थोडे. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हरारे शहरात आज्ज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकांवर बसवले. समोरच्याचे ऐकायचे, अनेक अडचणींतली एकच निवडायची आणि तिच्यावर त्यानेच ठरवलेले पाऊल लिहून घ्यायचे, अशी सहा भेटींची पद्धत. २०१६ मध्ये ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाकावर आलेल्यांच्या तक्रारी नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. मात्र त्या आज्ज्यांना रीतसर प्रशिक्षण होते, वर देखरेख होती आणि अवघड रुग्ण पुढे पाठवायची सोय होती. आपल्याकडे कट्टे आयते आहेत, आज्ज्याही आहेत. त्या तीन गोष्टी उभ्या कराव्या लागतील.

उतारवयात सोबत शोधणाऱ्यांविषयी आपण फार क्रूरपणे बोलतो. विधुर काका आणि शेजारच्या विधवा मावशी बागेत चारदा बोलताना दिसल्या की पाचव्या दिवशी मुलांच्या कानावर जाते. मुलांचा विरोध लोकलाजेचा म्हणून सांगितला जातो; पुष्कळदा आत घराचा आणि जमिनीचा प्रश्न असतो. तो प्रश्न खोटा नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवी पत्नी किंवा पती मुलांच्या बरोबरीने वारस ठरतो. म्हणून लग्नाआधी स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र करावे. त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. जोडीदाराला हयातभर राहायला घर आणि त्यानंतर मालकी मुलांकडे, अशी तरतूद त्यात करता येते. वडिलोपार्जित मिळकत असेल तर वकिलाला आधी दाखवावे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कागद झाले की निम्म्या घरांतला विरोध मावळतो, आणि उरलेल्या निम्म्यांत तो कशाचा होता हे तरी उघड होते.

दूर असलेल्या मुलांचा फोन रोज येतो, पण "जेवलास? औषध घेतलंस? ठेवू मग?" यापुढे जात नाही. आठवड्यातून एकदाच, पण अर्धा तास करावा आणि त्यात आईवडिलांना काहीतरी विचारावे : भाजणीचे प्रमाण, भाडेकराराचा सल्ला, ऑफिसातल्या भांडणाचे काय करू. गरज असल्याची भावना चौकशीने येत नाही, विचारल्याने येते. नुसते मजकूर पाठवण्यापेक्षा आवाज ऐकवावा. फोनवर अवघडल्यासारखे होईल अशी जी धास्ती असते ती बोलणे सुरू झाल्यावर बहुधा टिकत नाही.

या भुकेवर धंदा करणारेही आहेत. समाजमाध्यमावर गोड बोलणारी अनोळखी व्यक्ती, दोन-तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ विचारपूस, कॅमेऱ्यासमोर यायला टाळाटाळ, मग अडकलेले पार्सल, आजारी आई किंवा हमखास नफ्याची गुंतवणूक. क्रम जवळपास हाच असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. घरच्यांनी फसलेल्याला हसू नये. त्याचे पैसे तर गेलेच, शिवाय रोज विचारपूस करणारे माणूसही गेले.

आणि काही वेळा हे नुसते एकाकीपण नसते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक उडालेली, कशातच मन लागत नाही, किंवा "मी नसलो तर बरं" असे बोलणे, यांत गट, फेरी, वही काही पुरणार नाही. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. केंद्राची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आणि विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. मरणाची भाषा करणाऱ्याला सरळ विचारावे, "जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होकार आला तर त्याला एकटे सोडू नये, औषधे आणि कीटकनाशके हाताच्या अंतरावर ठेवू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ च्या अहवालात जगातला दर सहावा माणूस एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध असल्याचे म्हटले आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या विषयासाठी मंत्री नेमले. आमची मागणी त्या मानाने किरकोळ आहे. महापालिकेने बागांमध्ये नवी बाके बसवताना एका ओळीत न बसवता काही ठिकाणी दोन-दोन काटकोनात, पाठ टेकता येईल अशी आणि रहदारीपासून लांब बसवावीत. ओळीत बसलेल्या दोघांना बोलायला मान वळवावी लागते आणि मान दुखणारा म्हातारा बोलणे सोडतो. प्रभागातली सांस्कृतिक सभागृहे दुपारी कुलूपबंद असतील, तर तीन ते पाच उघडावीत.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती. स्थानिक कार्यक्रमांच्या सदरात आठवड्यातून एकदा अशा चौघांच्या गटांतल्या रिकाम्या जागांसाठी चार ओळी द्याव्यात. त्यात फक्त जागा, वार आणि वेळ छापावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नावे, घरचे पत्ते किंवा मोबाइल क्रमांक छापू नयेत. ज्याला यायचे तो थेट जागेवर येईल आणि चोरांना घर कळणार नाही.

आपले,
समुपदेशन व घरभेटींच्या कामातील काही जण
कोल्हापूर